पेशीला आतली बाजू कशी कळते: मूत्रपिंड प्रकल्पाच्या नोंदी

२ जुलै २०२५

एनसीसीएस या पुण्याच्या पेशीविज्ञान संस्थेच्या पेशी-भांडारातून एमडीसीके, म्हणजे कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशी, आज हातात आल्या. गणेशखिंडीतून आमच्या लॅबपर्यंतचा प्रवास छोटाच, त्यामुळे पेशी चिकटून बसलेल्या, मीडियाचा, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवाचा, रंगही व्यवस्थित. मीडिया बदलून इनक्युबेटरमध्ये ठेवल्या, ३७ अंश आणि पाच टक्के कार्बन डायऑक्साइडवर.

या पेशी १९५८ सालच्या. मॅडिन आणि डार्बी यांनी एका कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या मूत्रपिंडातून त्या वेगळ्या केल्या, आणि त्या अजून वाढताहेत. फ्लूवर काम करणारे त्यांच्यात विषाणू वाढवतात. आम्हाला त्यांचा दुसरा गुण हवा आहे. प्लास्टिकवर त्या एका थरात पसरतात, पण मऊ कोलॅजनच्या जेलमध्ये सुट्या सुट्या रोवल्या तर आठ-दहा दिवसांत प्रत्येक पेशी विभागत विभागत एक पोकळ गोळा बांधते. भिंत एका पेशीच्या जाडीची, आत द्रव. मूत्रपिंडाच्या नलिकेत पेशीची जी बाजू मूत्राकडे असते ती बरोबर पोकळीकडे वळलेली, आणि पायाकडची बाजू बाहेर, जेलकडे.

शेजारी कोणी नसताना त्या पहिल्या पेशीला बाहेर कुठे आहे हे कोण सांगतं? प्रकल्पाचा सगळा भर या एका प्रश्नावर. लॅबच्या मॅडमचं आणि माझं मत असं की उत्तर पेशीभोवतीच्या प्रथिनांच्या जाळ्यात, म्हणजे मॅट्रिक्समध्ये आहे, आणि मूत्रपिंड घडतं तेही त्याच उत्तरावर आणि बिघडतं तेही.

९ जुलै

जेलची तयारी. रॅटच्या शेपटीतल्या कंडरांमधून काढलेलं कोलॅजन-१ आम्लात विरघळलेलं येतं. सगळं बर्फावर ठेवून त्यात दहापट तीव्रतेचा मीडिया मिसळायचा आणि सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालायचं. मीडियातल्या फिनॉल रेड या आम्लता दाखवणाऱ्या रंगद्रव्याचा पिवळा रंग जाऊन गुलाबी-केशरी आला की थांबायचं. शेवटची तीव्रता एका मिलिलिटरला २ मिलिग्रॅम. पिपेट सावकाश चालवावं लागतं, कारण बुडबुडे अडकले तर पुढे मायक्रोस्कोपखाली गोळा कुठला आणि बुडबुडा कुठला असा गोंधळ होतो. इनक्युबेटरमध्ये अर्ध्या तासात जेल छान बसलं.

१५ जुलै

दिवसभर वाचन. क्लिफर्ड ग्रोब्स्टाइनचे १९५०च्या दशकातले प्रयोग पुन्हा नीट वाचले. अमेरिकेत बेथेस्डाच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत त्याने उंदराच्या गर्भातलं मूत्रपिंड सोडवून त्याचे दोन घटक वेगळे केले. एक मूत्रवाहिनीचा कोंब, दुसरा त्याच्या भोवतीच्या सैल पेशींचा पुंजका, म्हणजे मेसेन्काइम. माणसाच्या गर्भात हे दोघं पाचव्या आठवड्यात भेटतात. कोंब मेसेन्काइममध्ये शिरतो, फाटे फोडत जातो, आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाशी मेसेन्काइमच्या पेशी गोळा होऊन नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारं मूत्रपिंडाचं एकक, बांधायला घेतात. छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास हे काम थांबतं. त्यानंतर नवा नेफ्रॉन जन्मभर मिळत नाही. साधारण दहा लाख एका मूत्रपिंडात, पण माणसामाणसांत हा आकडा कित्येक पटींनी कमीजास्त.

वेगळे ठेवले की दोघंही अडून बसतात. ग्रोब्स्टाइनने मेसेन्काइम बारीक छिद्रांच्या फिल्टरवर ठेवलं आणि फिल्टरच्या दुसऱ्या बाजूला गर्भाच्या मज्जारज्जूचा तुकडा लावला. मेसेन्काइममध्ये नलिका तयार झाल्या! मूत्रवाहिनीच्या कोंबाचं काम मज्जारज्जूने करून दाखवलं. दोन उतींच्या मधल्या द्रव्यातून संदेश जात असावा, असा ग्रोब्स्टाइनचा कल होता. पुढे हेलसिंकीत लॉरी साक्सेनच्या गटाने तेच फिल्टर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले, तेव्हा छिद्रांमधून पेशींची बारीक बोटं आरपार गेलेली दिसली. त्यानंतर हा इशारा देणारी डब्ल्यूएनटी कुळातली प्रथिनं सापडली. म्हणजे नेफ्रॉन बांधण्याचा पहिला इशारा पेशीने पेशीला दिलेला आहे, मॅट्रिक्सने नव्हे. आमच्या मताला हे अडचणीचं आहे, म्हणूनच वहीत सगळ्यात आधी हे लिहून ठेवते.

मॅट्रिक्सचं काम पुढच्या पायरीवर दिसतं. पेटर एक्ब्लोमने दाखवलं की इशारा मिळण्याआधी मेसेन्काइमभोवती कोलॅजन-१, कोलॅजन-३ आणि फायब्रोनेक्टिन ही मॅट्रिक्सची प्रथिनं असतात. इशारा मिळाला की ती मागे हटतात आणि पेशींच्या पायाखालच्या थराची प्रथिनं, लॅमिनिन आणि कोलॅजन-४, येतात. सैल पेशी रांगेला लागतात, एकमेकींना बिलगतात, त्यांना वर-खाली येतं. १९८८ साली याच दिशेने केलेल्या प्रयोगात लॅमिनिनच्या एका साखळीला अँटिबॉडीने अडवलं. पेशी गोळा झाल्या, पण त्यांना दिशा आली नाही. हा निकाल माझ्या डोक्यातून जात नाही. पेशी होत्या, इशारा मिळाला होता, फक्त पायाखालचा थर नव्हता.

आणि एका ठिकाणी मॅट्रिक्स त्याही आधी कामाला लागतं. कोंबाच्या पेशी स्वतःच्या पायाखाली नेफ्रोनेक्टिन नावाचं प्रथिन अंथरतात. समोरच्या मेसेन्काइमच्या पेशी ते आल्फा-८ बीटा-१ इंटेग्रिनने, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरच्या पकडणाऱ्या प्रथिनाने, पकडतात. ही पकड सुटली तर मेसेन्काइम जीडीएनएफ हे संदेश-प्रथिन पुरेसं बनवत नाही, आणि त्याच्या ओढीशिवाय कोंब आत शिरत नाही. १९९७ साली आल्फा-८ काढून टाकलेल्या उंदरांची पिल्लं बहुतेक मूत्रपिंडाविना जन्मली. माणसातही या जनुकातल्या दोषामुळे दोन्ही मूत्रपिंडं न बनल्याची कुटुंबं २०१४ साली नोंदली गेली.

२४ जुलै

गोळे आले. काही अजून भरीव, पण बऱ्याच ठिकाणी मधोमध पोकळी उघडतेय. ज्युनिअर मुलीला दाखवलं तर ती आयपीसवरून उठेचना.

५ ऑगस्ट

कन्फोकल मायक्रोस्कोपवर पहिल्यांदा पाहिलं. फिक्स करण्याआधी, म्हणजे पेशी आहेत तशा स्थिर करण्याआधी, जेलला थोडा वेळ कोलॅजनेज हे कोलॅजन तोडणारं एन्झाइम दिलं, नाहीतर अँटिबॉडी आतपर्यंत पोचत नाही. पोडोकॅलिक्सिन (मूत्राकडच्या बाजूची खूण असलेलं प्रथिन) लाल, बीटा-कॅटेनिन (पेशी एकमेकींना जिथे चिकटतात तिथलं प्रथिन) हिरवं, केंद्रकं निळी. पोडोकॅलिक्सिन सगळं पोकळीच्या काठाला, एकही ठिपका बाहेर नाही. याच प्रथिनाने मूत्रपिंडाच्या गाळणीतल्या पोडोसाइट पेशींची मूत्राकडची बाजूही मढवलेली असते.

दुसऱ्या सेटमध्ये लॅमिनिन. गोळ्याच्या बाहेरून सलग कडं. जेलमध्ये आम्ही लॅमिनिन घातलेलं नाही. ते या पेशींनीच बनवलं, बाहेर सोडलं आणि त्यावर स्वतः उभ्या राहिल्या. मॅट्रिक्स पेशींना घडवतं असं आपण म्हणतो तेव्हा ते मॅट्रिक्स आलं कुठून हेही सोबत सांगायला हवं. कोलॅजन-१चा स्पर्श झाला, त्यावरून पेशीने बाहेर कुठे ते ओळखलं, तिथे लॅमिनिन मांडलं, आणि मग त्या लॅमिनिनवरून उरलेलं सगळं ठरवलं.

कोलॅजन-४चं रंगकाम पुढच्या आठवड्यात. त्याच्याबद्दल एक गोष्ट आजच लिहिते, कारण मला ती फार आवडते. या कोलॅजनचे रेणू टोकाला टोक लावून जोडणारा सल्फर आणि नायट्रोजनमधला बंध २००९ साली व्हँडरबिल्ट विद्यापीठात बिली हडसनच्या गटाने ओळखला. सजीवांत तोवर तो कोणी पाहिलेला नव्हता. तो घडवायला पेरॉक्सिडॅसिन हे एन्झाइम लागतं आणि त्याला ब्रोमीन लागतं. प्राण्याच्या शरीरात ब्रोमीनचं काहीतरी काम आहे हे त्यातून, २०१४ साली, कळलं.

१८ ऑगस्ट

उलटी बाजू बघायची वेळ. डिशला ॲगारोजचा थर दिला म्हणजे पेशींना कुठेच चिकटता येत नाही, आणि त्या मीडियातच तरंगत गोळे बांधतात. भोवती मॅट्रिक्स नाही. १९९०मध्ये वांग, ओजाकियन आणि नेल्सन यांनी अशा गोळ्यांचं जे वर्णन केलं, ते आमच्या स्क्रीनवर जसंच्या तसं आलं. पोडोकॅलिक्सिन बाहेरच्या पृष्ठभागावर, लॅमिनिन आत पोकळीत. गोळा तोच, पेशी त्याच, पण आतलं बाहेर आणि बाहेरचं आत.

२६ ऑगस्ट

उद्या गणेश चतुर्थी. जेलमधल्या गोळ्यांना एक दिवसाआड मीडिया लागतो, त्यामुळे सुट्टीतल्या पाळ्या फळ्यावर लिहिल्या. मी पहिले दोन दिवस येणार, ज्युनिअर कोकणातून परतली की पुढचे तिचे.

९ सप्टेंबर

तरंगते उलटे गोळे उचलून कोलॅजनमध्ये रोवले आणि ठरावीक तासांनी थोडे थोडे फिक्स केले. रोवल्यावर काही तासांतच बाहेरचं पोडोकॅलिक्सिन विरळ होऊ लागलं. तिसऱ्या दिवसापर्यंत बहुतेक गोळ्यांत ते आतल्या काठाला पोचलं होतं, आणि लॅमिनिन बाहेर. पूर्ण वाढलेल्या, एकमेकींना घट्ट बिलगलेल्या पेशींनी मॅट्रिक्सचा स्पर्श होताच आपली दिशा फिरवली. यातली एकही पेशी मेलेली नाही, नव्याने जन्मलेली नाही. प्रकल्पातला आजवरचा सगळ्यात मोलाचा निकाल माझ्या मते हाच.

१७ सप्टेंबर

आज लॅब बाहेर ठेवून पॅथॉलॉजीत गेले. आमच्या सहकारी डॉक्टर मॅडमनी शिकवण्यासाठी जपलेल्या बायोप्सी दाखवल्या, सगळ्या आल्पोर्ट सिंड्रोमच्या.

सेसिल आल्पोर्टने १९२७ साली एका ब्रिटिश कुटुंबाबद्दल लिहिलं. लघवीतून रक्त, ऐकू कमी येणं, आणि पुरुषांना तरुण वयात मूत्रपिंड निकामी होऊन मृत्यू. बायकांना त्रास सौम्य. जनुक सापडायला १९९० उजाडलं. एक्स गुणसूत्रावरचं सीओएल४ए५, कोलॅजन-४च्या आल्फा-५ साखळीचं. पुढे आल्फा-३ आणि आल्फा-४च्या जनुकांतले दोषही कळले.

ग्लोमेरुलसची, म्हणजे नेफ्रॉनच्या टोकाच्या केशवाहिन्यांच्या गुच्छाची, गाळणी तीन थरांची. रक्ताकडे छिद्रं असलेल्या पेशी, मूत्राकडे पोडोसाइट, आणि मधे मॅट्रिक्सचा पातळ थर, बेसमेंट मेम्ब्रेन, मोठ्या माणसात साधारण ३०० ते ३५० नॅनोमीटर जाड. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव याच्यातून गाळला जातो आणि त्यातला बहुतेक सगळा नलिका परत घेतात. गर्भात हा मधला थर कोलॅजन-४च्या आल्फा-१ आणि आल्फा-२ साखळ्यांचा असतो. गाळणी पक्व होताना पोडोसाइट आल्फा-३, ४ आणि ५ची एकत्र वेणी विणायला लागतात आणि मुख्य भार तिच्यावर जातो. या नव्या जाळ्यात आडवे बंध जास्त, त्यामुळे ते दाबाला आणि पाचक एन्झाइमांना जास्त पुरतं. लॅमिनिनचंही तसंच, त्याचे प्रकार बदलत जातात. १११ जाऊन ५११, आणि ते जाऊन शेवटी ५२१. ही शेवटची अदलाबदल चुकली तर पिअर्सन सिंड्रोम होतो. बाळ जन्मतःच लघवीतून प्रथिनं घालवतं आणि डोळ्यांच्या बाहुल्या आकसलेल्या असतात. त्याचं जनुक २००४ साली सापडलं.

आल्पोर्टमध्ये तिन्ही साखळ्यांपैकी एक जरी सदोष असली तरी वेणी पडत नाही. मग मूत्रपिंड गर्भातलं जाळंच पुढे चालू ठेवतं. बाळपणीचं झबलं घालून मोठ्या माणसाने शेतात राबावं, तसं. काही वर्षं ते टिकतं. मग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तो थर कुठे पातळ, कुठे जाड, कुठे चिरफाळलेला आणि टोपलीच्या विणीसारखा दिसायला लागतो. मॅडमनी आल्फा-५चं रंगकाम केलेली स्लाइड लावली. शेजारच्या निरोगी नमुन्यात प्रत्येक केशवाहिनीची रेघ उजळलेली, आणि आल्पोर्टच्या मुलाच्या नमुन्यात पूर्ण काळोख. आल्फा-१ मात्र दोन्हींत. हा आजार मला आता विकास अर्धवट राहिल्याचा आजार म्हणूनच दिसतो. डोळ्याच्या भिंगात आणि कानाच्या शंखातही हीच वेणी असते, म्हणून तिथेही त्रास होतो.

प्रत्यारोपणाबद्दल मॅडमनी सांगितलेली गोष्ट मी पुस्तकात वाचली होती, पण स्लाइड समोर असताना ती वेगळी लागली. आल्पोर्टच्या रुग्णाला निरोगी मूत्रपिंड बसवलं की ते सहसा छान चालतं, कारण नव्या पोडोसाइटना वेणी विणता येते. पण शेकडा तीन ते पाच जणांत प्रतिकारशक्ती त्या नव्या थरावरच चालून जाते. तिने आल्फा-३, ४, ५ची वेणी जन्मात कधी पाहिलेलीच नसते. ती तिला परकी वाटते. १९१९ साली गुडपॅश्चरने ज्या आजाराचं वर्णन केलं, त्यातही अँटिबॉडींचा हल्ला आल्फा-३च्या टोकावर असतो.

१८ सप्टेंबर

कालचं अजून संपलेलं नाही. मॅडम (पॅथॉलॉजीतल्या) म्हणाल्या की त्यांच्याकडे येणाऱ्या कुटुंबांत एक प्रश्न हमखास येतो. मुलाला आल्पोर्ट आहे, आईला आपली किडनी द्यायची आहे. आईला कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं की तू फक्त वाहक आहेस, तुला काही होत नाही. हे शब्द चुकीचे आहेत आणि त्यांनी नुकसान होतं. एक्सवरचा दोष एका प्रतीत असलेल्या बाईच्या गाळणीत काही पोडोसाइट चांगली वेणी विणतात, काही विणू शकत नाहीत. रंगकामात रेघ तुटक तुटक दिसते. तिला बहुधा लघवीतून रक्त जातं, आणि काहींची मूत्रपिंडं उतारवयात निकामीही होतात. ती रुग्ण आहे. तिने किडनी देण्याआधी तिची स्वतःची लघवी, रक्तदाब आणि ऐकू येणं नीट तपासायला हवं, आणि तिच्यावरही औषधोपचार व्हायला हवेत. एसीई रोधक या रक्तदाबाच्या गोळ्या लवकर सुरू केल्या तर डायलिसिस कित्येक वर्षं पुढे ढकलता येतं, हे युरोपातल्या नोंदींवरून २०१२ साली स्पष्ट झालं. या गोळ्या महागड्या नाहीत. त्या वेळेवर लिहून देण्यासाठी आधी लघवीतलं रक्त कुणीतरी मनावर घ्यायला हवं.

१ ऑक्टोबर

बीटा-१ इंटेग्रिनला अडवणारी अँटिबॉडी पहिल्या दिवसापासून जेलमध्ये. कोलॅजन भरपूर आहे, पण पेशींना ते पकडता येत नाही. गोळे लहान, वेडेवाकडे, आणि पोडोकॅलिक्सिन बाहेरच्या काठाला. लॅमिनिनचं कडं नाही, नुसते विस्कटलेले ठिपके. म्हणजे ॲगारोजवर तरंगणाऱ्या गोळ्यांसारखीच स्थिती, फक्त इथे मॅट्रिक्स सगळीकडून टेकलेलं आहे. मॅट्रिक्स असून पुरत नाही, ते ओळखणारा हात पेशीकडे हवा.

कीथ मोस्टोव्हच्या गटाने २००१ साली आरएसी१ हे पेशीतलं प्रथिन अडवून असेच उलटे गोळे मिळवले होते आणि बाहेरून लॅमिनिन देऊन ते सुलटे केले होते. आमचा निकाल त्याच्याशी जुळतो.

१३ ऑक्टोबर

लॅबच्या मॅडमशी बैठक. फायब्रोसिसबद्दल, म्हणजे मूत्रपिंडात व्रणासारखं मॅट्रिक्स साचण्याबद्दल, अहवालात किती लिहायचं यावर चर्चा. मी म्हटलं, ते टाळून हा विषय पुरा होत नाही. दीर्घ आजारात मूळ कारण काहीही असो, मूत्रपिंड शेवटी त्याच वाटेने जातं. नलिकांच्या मधल्या जागेत कोलॅजन-१ आणि कोलॅजन-३ साचतात, म्हणजे मेसेन्काइमने सुरुवातीला मागे सारलेलं तेच द्रव्य. आंध्रच्या उद्दानम भागात शेतमजुरांच्या बायोप्सींत मधुमेह नसताना, रक्तदाबाचा इतिहास नसतानाही हेच दिसतं.

ते कोण साचवतं यावर बराच वाद झाला. नलिकेच्या पेशीच रूप बदलून मायोफायब्रोब्लास्ट, म्हणजे कोलॅजन साचवणाऱ्या पेशी, होतात असं पुष्कळ काळ मानलं जायचं. २०१०मध्ये उंदरांत पेशींच्या पिढ्यांचा माग काढला तेव्हा बोट मुख्यतः केशवाहिन्यांना लगटून असलेल्या पेरिसाइट पेशींकडे गेलं. आणि हे चक्र थांबत का नाही याचं एक कारण मॅट्रिक्समध्येच आहे. टीजीएफ-बीटा हे संदेश-प्रथिन तिथे कुलपात ठेवल्यासारखं साठवलेलं असतं. पेशी आल्फा-व्ही कुळातल्या इंटेग्रिनने ते ओढते, आणि मॅट्रिक्स ताठ असेल तरच त्या ओढीने ते सुटतं. सुटलेलं टीजीएफ-बीटा आणखी कोलॅजन बनवायला लावतं, मॅट्रिक्स आणखी ताठ होतं, आणि ओढ आणखी लागू पडते.

पण परतीची वाट नाही असं मात्र लिहू नये, असा माझा आग्रह. १९९८ साली प्रसिद्ध झालेला मिनेसोटातला अभ्यास: टाइप १ मधुमेहाच्या आठ रुग्णांना स्वादुपिंड बसवलं, साखर कायमची नॉर्मल झाली. पाच वर्षांनंतरच्या बायोप्सीत काहीच सुधारणा नव्हती. दहा वर्षांनंतर मात्र जाड झालेली बेसमेंट मेम्ब्रेन पातळ झाली होती आणि साचलेलं मॅट्रिक्स ओसरलं होतं. पाच वर्षांवर थांबले असते तर सगळ्यांनी उलट निष्कर्ष काढला असता. मॅडमनी हा परिच्छेद अहवालात ठेवायला मान्यता दिली.

२९ ऑक्टोबर

दिवाळीनंतर नव्याने वितळवलेल्या पेशी तयार आहेत. पुढचा भाग ठरला. अँटिबॉडीमुळे उलटे झालेले गोळे जेलमध्येच ठेवून अँटिबॉडी धुवून काढायची आणि तिसऱ्या, पाचव्या, आठव्या दिवशी फिक्स करायचे. एका सेटमध्ये जेल २ मिलिग्रॅमचं, दुसऱ्यात ४ मिलिग्रॅमचं, म्हणजे जास्त ताठ. तरंगते गोळे काही तासांत वळायला लागले होते. ताठ जेलमध्ये अडकलेले त्याच वेगाने वळतात का, आणि लॅमिनिनचं कडं आधी जुळतं की पोडोकॅलिक्सिन आधी आत जातं, हे त्यातून दिसायला हवं. कोलॅजनची नवी बाटली मागवली आहे. कन्फोकलवर १२ नोव्हेंबरपासूनचे स्लॉट घेतले.